बारा सेंटिमीटरचा पक्षपात

दोन देशांच्या वाटाघाटींच्या अकराव्या महिन्यात, कैद्यांच्या अदलाबदलीवर सह्या व्हायच्या त्या सकाळी, बुटक्या साहेबांनी टेबलापलीकडच्या ताडमाड साहेबांकडे पाहिलं आणि पेनाला पुन्हा टोपण लावलं.

"आमची खुर्ची ठेंगणी आहे," ते म्हणाले.

बैठक थांबली आणि इमारतीच्या सुताराला बोलावणं गेलं. मिस्त्री धापा टाकत आला. सुटणाऱ्या कैद्यांच्या यादीत एकशे बारा नावं होती आणि एकशे चौथं त्याच्या मुलाचं होतं. मिस्त्री ताडमाड साहेबांच्या देशाचा आणि पोरगं सव्वा वर्ष बुटक्या साहेबांच्या तुरुंगात. त्याने दोन्ही खुर्च्या मोजल्या.

"दोन्ही पंचेचाळीस सेंटिमीटर, बाई," तो व्यवस्था पाहणाऱ्या अधिकारी बाईंच्या कानाशी पुटपुटला. "खुर्चीत काही नाही. डोळ्यांच्या पातळीत बारा सेंटिमीटरचा फरक पडतोय. म्हणजे साहेबच मुळात..."

"मिस्त्री, ते वाक्य पुरं केलंत ना, तर तोफा पुन्हा सुरू होतील!"

त्या इमारतीचा एक नियम होता: एका पक्षाला जे द्याल ते दुसऱ्यालाही द्यायचं. पाणी, पेन्सिली, पंख्याचा वारा, सगळं समसमान. त्यामुळे बुटक्या साहेबांना उशी दिली, तशी ताडमाड साहेबांनाही द्यावी लागली. दोघे पाच सेंटिमीटर वर गेले आणि फरक होता तिथेच राहिला. मग उश्या काढून ताडमाड साहेबांच्या खुर्चीचे पाय सहा सेंटिमीटर कापले. लगेच पलीकडून विचारणा झाली, "आमचे का नाही कापले?" तेही कापले. एक वाजेपर्यंत ताडमाड साहेबांचे गुडघे छातीला टेकले होते आणि बुटक्या साहेबांची हनुवटी टेबलाला.

"जेवणाची सुट्टी," बाई कशाबशा म्हणाल्या.

तेवढ्यात मिस्त्रीच्या बायकोचा फोन आला. "अहो, झाल्या का सह्या?"

"अजून नाही."

"आता काय अडलंय?"

"उंची."

"बरी आठवण केलीत. मी त्याच्या पॅन्टची खालची शिवण उसवतेय. एकोणिसाव्या वर्षी गेला, वाढला असेल ना हो? की तिथं पोटभर मिळत नसेल?"

मिस्त्रीने फोन ठेवला. त्याच्यासमोर कापलेल्या पायांचे आठ तुकडे पडले होते, प्रत्येकी सहा सेंटिमीटरचे. आयुष्यात त्याने कुणाच्या मापात काडीचा फरक केला नव्हता. आज त्याने दार लावून घेतलं, बुटक्या साहेबांच्या खुर्चीच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन तुकडे ठोकले आणि जोडावर काळं पॉलिश फिरवलं. सहा दुणे बारा.

दुपारी दोन्ही साहेबांनी समोर पाहिलं. डोळ्याला डोळा भिडला. बुटक्या साहेबांचा चेहरा खुलला, त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मिस्त्री दाराच्या फटीला डोळा लावून उभा होता.

पण मापात एक गोष्ट राहून गेली होती. खुर्ची एक्कावन्न सेंटिमीटरवर गेली आणि बुटक्या साहेबांचे पाय अधांतरी लोंबकळू लागले. टेबल अरुंद होतं. साहेब खुशीत होते. त्यांनी लहान मुलासारखे पाय हलवले आणि बुटाचं टोक नेमकं ताडमाड साहेबांच्या नडगीवर बसलं.

"हल्ला!" ताडमाड साहेब कळवळले.

दोन्ही बाजूंचे सचिव टेबलाखाली शिरले. वर आले ते ओल्या पॉलिशने काळे झालेले हात घेऊनच.

"यांना चोरून उंची दिली!" एक ओरडला.

"आमच्या प्रमुखांना ठोकळ्यांवर बसवलं!" दुसरा त्याहून मोठ्याने ओरडला.

आता त्या खुर्च्यांवर बसायला कुणी तयार नव्हतं. दोघांनी उभ्या-उभ्याच एक संयुक्त निवेदन लिहवून घेतलं आणि चार मिनिटांत खाली सह्या केल्या. पुढची बैठक दोन महिन्यांनी ठरली आणि गाड्या निघून गेल्या.

बाई तो कागद घेऊन सुतारखोलीत आल्या. त्यांना बसवेना. "मिस्त्री, तुम्हाला हे दाखवणं भाग आहे."

मिस्त्रीने वाचलं. 'फर्निचरची व्यवस्था पक्षपाती होती, याबाबत उभय पक्षांचे एकमत आहे. सुतारास कामावरून कमी करावे.'

"अकरा महिन्यांत पहिल्यांदाच दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या," बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या. "मला माहीत होतं तुमचा मुलगा यादीत आहे. तुम्हाला आज सुट्टीच द्यायला हवी होती."

मिस्त्रीने खिशातून पट्टी काढून कागद मोजला. मग त्याने तो त्यांच्यापुढे धरला.

"बाई, मजकूर दोनच ओळींचा आहे. सह्या पार तळाला. मधे एवढी जागा कोरी आहे," तो म्हणाला. "माझं अक्षर बारीक आहे. एकशे बारा नावं मावतील."

बाईंनी कागद लगेच परत मागितला नाही.