डॉ. पेडणेकरांचे मिलिमीटर

गुरुवार, ९ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. परळच्या आमच्या दवाखान्यात डॉ. पेडणेकर फोनवर शल्यचिकित्सकाशी भांडत होते. "शिंपीमास्तर, काठ मी जुळवून देतो, मगच सुई उचला!" पलीकडून आवाज आला, "सुतारा, तुझा रंधा संपणार कधी?" त्यांच्या जुन्या मैत्रीची हीच भाषा होती.

पेडणेकर दात सरळ करणारे डॉक्टर. परंतु त्यांचे सर्वांत लाडके रुग्ण बिनदातांचे, म्हणजे दुभंगलेल्या ओठाची तान्ही बाळे. टाळूला बसणारी प्लेट दर गुरुवारी किंचित घासून ते भेगेच्या कडा जवळ आणत, जेणेकरून पुढे टाक्यांवर ताण येऊ नये. मी त्यांची सहायक. आकडे लिहिणे माझे काम. मी "साधारण सात" म्हटले, की ते चष्म्यावरून पाहत. "साधारण वांगी असतात, मॅडम."

त्याच दिवशी घोडपदेवची दोन महिन्यांची सई अकरा मिलिमीटरची भेग घेऊन आली. पेडणेकरांनी तिला वाकून नमस्कार केला. पुढे दर गुरुवारी चौकशी होई: "काय गो बाईसाहेब, प्लेट थुंकलीत ना? खोटं नको, आई साक्षीला आहे."

सहा आठवड्यांत अंतर पाचवर आले. शस्त्रक्रियेची तारीख ठरली. मी सईवर लिहायच्या शोधनिबंधाचे शीर्षकही ठरवले.

मग बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. सईला धाप लागत होती; तपासणीत हृदयात मोठे छिद्र निघाले. तिला दाखल केले होते, ओठाचे नंतर पाहायचे होते. आता पेडणेकर कडाडतील, असे मला वाटले. ते एवढेच म्हणाले, "बरोबर आहे. आधी हृदय."

पुढच्या गुरुवारी दवाखाना बंद ठेवून ते मला घेऊन वॉर्डात गेले. नाकात नळी असल्याने सईची प्लेट काढली होती. भेग पुन्हा रुंदावणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी सवयीने मोजपट्टी काढली.

"ठेवा ती."

"डॉक्टर, तुमची सगळी मेहनत फुकट गेली ना?" सईच्या आईने विचारले.

"वेडी काय गो तू? दूध किती घेतलंन, ते सांग."

"दोन चमचे."

सईची पावले तळहातात धरून ते बसून राहिले. सिस्टरने वजनकाटा आणला, तेव्हाच त्यांनी ती सोडली.

"काल तीन किलो नऊशे होतं," सिस्टर म्हणाली.

काटा स्थिरावला. पेडणेकरांनी मान वळवली. "वाचू नका, मॅडम. नुसतं लिहा."

मी लिहिले: ३ किलो ८२० ग्रॅम.