बॉनेट न उघडता केलेले निदान

सात रस्ता चौकातले सकाळचे ऊन आधी कडुनिंबाच्या शेंड्यावर उतरले; मग कौलांवरून ओघळत, ओट्यावरच्या पितळी तांब्याला क्षणभर सोन्याचा करून, सावकाश ईश्वरप्पांच्या मोटारीच्या काळ्या टपावर येऊन विसावले. त्यात नवे काहीच नव्हते. ड्रायव्हर चन्नवीरला मात्र ते निरोप द्यायला आल्यासारखे वाटले.

त्याच्या नोकरीच्या परीक्षेचा महिना आज संपत होता, आणि मोटार चालू केली की भयंकर वास सुटतो, अशी चार दिवस तक्रार होती.

"अक्कलकोटला व्याही वाट बघत्यात!" ईश्वरप्पा धोतराचा सोगा नाकाशी धरून गरजले. "वास कसला ते सांग, न्हाईतर मोटार ठिवतो आन् तुला काढतो!"

एरवी लाजाळू असलेल्या चन्नवीरने मोटारविद्येचे पुस्तक तीनदा वाचले होते. "वैद्य पोट फाडून पाहत नाही, मालक; नाडी पाहतो. मी बॉनेट न उघडता, केवळ नाकाने निदान करीन!"

त्याने मोटार चालू केली आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "ब्रेक जळताहेत."

चाके निघाली. वास वाढला!

"मग गादीतला काथ्या."

गाद्या रस्त्यावर आल्या. पंगतीतून उठवलेल्या जावयासारखी मोटार बापुडवाणी दिसू लागली.

मेंढरे घेऊन चाललेला बिरप्पा धनगर थबकला. "मालक, लोकर जळतीया की!"

"मेंढपाळाला जगभर लोकरच!" चन्नवीर म्हणाला. "हे पेट्रोल आहे."

"मेंढरंबी पळाली बग, लेका!"

मेंढरे खरोखरच नवी पेठेकडे उधळली होती.

इतक्यात ईश्वरप्पांच्या आई शिवबाई बाहेर आल्या. "अय्यो, माजी घोंगडी!" त्यांनी बॉनेट उचलले. आत तापल्या नळीला चिकटून काळी घोंगडी धुमसत होती. "थंडीनं पहाटं मोटार खोकती बिचारी, म्हनून पांघरूण घातलं. वरून वाऱ्यानं उडती, म्हनून आत सारली."

धुराचा लोट उठला. सगळे नाक दाबून पलीकडच्या ओट्यावर पळाले. धुरात वाकून एकटा चन्नवीर प्रसन्नपणे उभा राहिला.

"ही घाण आता आठ दिस जायची न्हाय," ईश्वरप्पा तिकडून कण्हले. "हिच्यात बसून अक्कलकोटपतुर मोटार हाकंल, असा डायवर मी कुटनं आनू?"

ऊन टपावरून घसरत आता थेट चन्नवीरच्या नाकावर आले होते.

"मी हाकीन, मालक," तो मान खाली घालून म्हणाला. "आठव्या वर्षी विषमज्वर झाला. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही."