राजनखाच्या परीक्षेची हकीकत

श्रीचरणी मस्तक ठेवून आरंभ केला ऐसा जे: शके सोळाशें पंच्याऐंशी, सुभानु संवत्सरी, एक्या राज्यी महाराजांचे उजव्या पायाचे अंगठ्याचे नख पिवळे पडले आणि जाड जाहले आणि कडेने भुसा झडो लागला. महाराज जरीचे तंग जोडे अष्टौप्रहर घालीत, घामाने भिजले तरी काढीत नसत. मग दिवाण गोमाजीपंत बोलिले, "नख सोन्याचे होत आहे, मोठा शुभशकुन!" आणि सरदारांनी आपापली नखे हळदीने रंगविली. पुढे अंगठा ठणकू लागला आणि महाराजांस चालवेना, तेव्हा त्याच शकुनाची करणी जाहली, आणि ती पाय धुणारी सटवाबाई हिणे केली म्हणोन तिचे हाती बेडी घातली आणि अमावास्येस हात तोडावा ऐसा हुकूम जाहला.

राजवैद्य अंबाजीपंत अर्ज करिते जाहले, "नखाचा तुकडा द्यावा, भिंगाखाली पाहतो." परंतु राजनखास कात्री लावील कोण? मग दिवाणांनी गुपचूप आपलेच नख कापोन पाठविले. वैद्यांनी त्यातील थोडे खाराच्या पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहिले, काहीच न दिसे. दिवाण गर्जले, "रोग नाही, करणीच!" वैद्यांनी उरला तुकडा निरखिला, तो पातळ आणि गुळगुळीत. मग ते थेट दरबारी आले आणि बोलिले, "हे नख महाराजांचे नव्हे. पाय पुढे करावा. चुकलो तर माझाही हात तोडावा." महाराजांनी जोडा काढिला, आणि वासाने पुढील रांग माघार घेती जाहली. वैद्यांनी वरचा भुसा टाकोन नखाखालून खोल खरडिले आणि भिंग लाविले, तो बुरशीच्या तंतूंचे जाळे! दिवाण बोलिले, "काचेवरची धूळ असेल." मग वैद्यांनी नखाखालून खरडिलेला उरला भुसा काचपात्रात पेजेच्या खळीवर पेरिला आणि सांगितले, "उगवावयास काही आठवडे लागतील."

"आमचा हुकूम असला तरी?"

"बुरशीस हुकूम वाचता येत नाही, महाराज."

अमावास्या हात न तोडिता टळली, आणि पुढे पात्रात बुरशीची पांढरी लव उगवली.

सटवाबाई सुटली. महाराज बोलिले, "बाई, उद्यापासून पाय धुवावयास येणे."

ती म्हणाली, "न्हाई म्हाराज. मी पुसाया फडकं घेतलं, की तुमी वल्ले पाय जोड्यात घालायचे. आता तुमीच धुवा, आन् बोटांच्या बेचक्याबी तुमीच पुसा."

दिवाणांचा हात तलवारीस गेला, परंतु महाराजांनी तिचे मनगटावरील बेडीचा वळ पाहिला आणि मान खाली घालोन बोलिले, "पुसू."

एवंच, औषध चालले आणि नवे नख येता वर्ष लोटले. त्या वर्षी एकही किल्ला घेतला नाही. महाराज नित्य अनवाणी बसोन आपले पाय आपण पुशीत, आणि दरबार त्यास दिग्विजय म्हणे. इतके वर्तमान.