इयत्ता सातवी, वय सत्तावन्न

शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना कसं शिकवावं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण नल्लकुंट्याच्या एका हॉलमध्ये होतं, आणि हिम्मतराव सर तिथे गेले ते मुख्याध्यापकाच्या खुर्चीसाठी. गौलीगुड्यातल्या मराठी शाळेत ते एकतीस वर्षं गणित शिकवत होते. मुख्याध्यापिका सुनीताबाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी येणाऱ्याने हे प्रशिक्षण घेतलेलं असावं, असा संस्थेचा नवा नियम होता. खुर्चीचे दुसरे उमेदवार कवायतीचे प्रकाश सर. तेही आले होते आणि मुद्दाम हिम्मतरावांच्या शेजारी बसले होते. फॉर्म वाचण्यापेक्षा शेजाऱ्याचा बघून लिहिणं त्यांना सोयीचं वाटे.

प्रशिक्षण देणारी मानसी हिम्मतरावांच्या मुलीच्या वयाची होती. ती म्हणाली, "प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याबद्दल हा फॉर्म भरा. घाई नाही."

घाई नाही म्हटल्यावर सगळ्यांनी घाई केली, कारण बाहेर जेवणाचा बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याचा भात, आला होता आणि त्याचा वास आत आला होता.

हिम्मतरावांनी डोळ्यांसमोर तेजश्रीला आणलं. हुशार पोरगी, पण वही उघडली की सगळं बिनसायचं. इथपर्यंत ठीक होतं. मात्र फॉर्मवर पहिली रेघ नावाची होती. जनगणना, मतदार याद्या, माध्यान्ह भोजन, कसकसले सर्वे. एकतीस वर्षांत सरांनी इतके फॉर्म भरले होते की नावाची रेघ दिसली की हात डोक्याला न विचारता चालू पडे. नाव: हिम्मतराव. वय: सत्तावन्न. इयत्ता: सातवी, कारण सातवीचे वर्गशिक्षक तेच. त्यानंतर डोकं हाताला येऊन मिळालं आणि त्यांनी तेजश्रीबद्दल अगदी मनापासून लिहिलं. वाचताना ओळ सुटते. आकड्यांची अदलाबदल होते. तोंडी बरोबर, लेखी चूक. मोठ्याने वाचायला सांगितलं की पोट दुखतं.

प्रकाश सरांनी हे सगळं जसंच्या तसं उतरवलं. नावासकट.

तीन आठवड्यांनी सुनीताबाईंनी हिम्मतरावांना बोलावलं. त्यांच्या हातात वरून आलेला कागद होता. वरून आलेल्या कागदाचं पालन करायचं, तो वाचायचा नाही, या तत्त्वावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं शाळा चालवली होती. हा मात्र त्यांनी दोनदा वाचला होता.

"सर, तुमचं नाव यादीत आलंय."

"मुख्याध्यापकांच्या?"

"शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या. पहिल्या बाकावर बसवावं, मोठ्याने वाचायला लावू नये, परीक्षेत जादा वेळ द्यावा, आणि प्रत्येक प्रयत्नाचं कौतुक करावं." बाईंनी क्षणभर विचार केला. "आलात लगेच, छान केलंत."

"अहो बाई, घोळ आहे हा! मी शिक्षक आहे."

"ते मला माहीत आहे हो. पण नियमाने दोन शिक्षकांनी लिहून द्यावं लागतं आणि दोघांनी दिलंय. एक तुम्ही स्वतः. दुसरे प्रकाश सर. मी त्यांना विचारलंसुद्धा. ते म्हणाले, मी जे पाहिलं तेच लिहिलं."

हिम्मतरावांनी तिथूनच मानसीला फोन लावला. "अहो मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरला माझं वय खटकलं नाही का?"

"खटकलं ना सर. सत्तावन्नाव्या वर्षी सातवीत म्हणून तर तुमची केस 'तीव्र'मध्ये गेली."

"मग काढा की नाव!"

"यादी बंद झाली सर. आता मार्चमध्ये चाचणी होईल. पास झालात की नाव आपोआप निघेल. तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुमच्यासारखी पुष्कळ मुलं पुढे छान काम करतात."

संस्थेचे सचिव हायकोर्टातले वकील होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "हे बघा सर, खुर्ची तुमचीच. पण शाळेतला विद्यार्थी शाळेचाच मुख्याध्यापक, यावर उद्या कोणी हरकत घेतली तर मला जन्मभर तारखा पडतील. मार्चमध्ये पास व्हा, एप्रिलमध्ये पत्र घ्या."

पालकाची सही घ्यायला मानसी घरी आली तेव्हा सरांच्या पत्नी जयवंताबाईंनी तिला आधी चहा दिला आणि मग माहिती दिली.

"सांगितलेलं विसरतात का?" मानसीने विचारलं.

"बेगम बाजारला पाच जिन्नस आणायला पाठवलं की तीन आणतात. त्यातले दोन भलतेच."

"एकच सूचना परत परत द्यावी लागते?"

"तीस वर्षं दुसरं काय करतेय मी? बरं झालं बाई, कुणीतरी लिहून घेतलं."

जयवंताबाईंनी सही केली. नात्याच्या रकान्यात 'पत्नी, तथा पालक' असं लिहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आता मार्चमध्ये नीट पास व्हा. माहेरी सगळ्यांना सांगून झालंय, हे हेडमास्तर होणार म्हणून."

अशा रीतीने हिम्मतराव रोज दोन तास सातवीत विद्यार्थी म्हणून बसू लागले. पहिल्या बाकावर एकच जागा रिकामी होती, तेजश्रीच्या शेजारी. कागदावर आणखी एक कलम होतं: वर्गातलं एक मूल सोबती म्हणून द्यावं आणि सोबत्याने विद्यार्थ्याची सोबत कुठल्याही वेळी सोडू नये. बाईंनी कलमाप्रमाणे तेजश्रीला सोबती नेमलं.

खरं तर हिम्मतरावांना तिचंच नाव यादीत घालायचं होतं. निदान पुढच्या वर्षी तरी घालू, म्हणून त्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं. नामदेवरावांचं बेगम बाजारात मसाल्याचं दुकान होतं. ते आले तेव्हा स्टाफरूममधले दोघे शिंकले.

"काय झालंय माझ्या पोरीला?" नामदेवराव उभ्यानेच म्हणाले. "खाती, पिती, दुकानात बसली की हिसाब तोंडानं सांगती. लिस्टात घालायला ती काय बीमार हाय? नक्को! उद्या सोयरीक जमवायला गेलं तर लोक काय म्हणतील?"

"बीमारी नाही हो ही. आणि यादी गुप्त असते."

"तुमचं नाव आख्ख्या गौलीगुड्याला ठाऊक हाय, सर."

सरांनी दुसरा रस्ता धरला. "बरं, मग ती माझी सोबती म्हणून बसली तर चालेल?"

"म्हंजी काय करायचं?"

"मला समजत नाही ते समजावून सांगायचं."

नामदेवरावांची छाती दिसेल इतकी फुगली. "माझी पोरगी तुम्हाला शिकवनार? हौ! मंग असं बोला की पहिल्यापासून." त्या संध्याकाळपर्यंत बेगम बाजारातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना जिऱ्याच्या पुडीबरोबर ही बातमी मिळाली होती.

शिक्षण सुरू झालं. हिम्मतरावांना सुविधा म्हणून एक निळी पारदर्शक पट्टी मिळाली होती. ती ओळीवर ठेवली की बाकीच्या ओळी मध्ये मध्ये करत नाहीत. सरांना तिची गरज नव्हती, म्हणून ती बाकावर दोघांच्या मध्ये राही आणि बहुतेक वेळ डावीकडे सरकलेली असे. डावीकडे तेजश्री बसायची. चौकोनाच्या वह्या मिळाल्या, त्याही तशाच सरकल्या. सहामाही परीक्षेत सरांना अर्धा तास जादा मिळाला आणि सोबत सोडायची नाही म्हणून तेजश्रीलाही बसावं लागलं. सरांनी त्या अर्ध्या तासात पंख्याची पाती मोजली. तेजश्रीने पेपर पूर्ण केला. तो तिच्या आयुष्यातला पहिला पूर्ण पेपर होता.

समजावून सांगायचं काम ती फार गंभीरपणे घेई.

"सर, पाऊण म्हणजे किती, समजलं ना?"

"समजलं."

"नाही समजलं. तुम्ही नुसतं हो म्हणायलात. आम्ही पण असंच म्हणतो." मग ती पुडीच्या कागदावर चार चौकोन काढून तीन रंगवी. एकतीस वर्षांत वर्गाने दिलेले 'हो' किती आणि त्यातले खरे किती, याचा हिशेब गणिताच्या शिक्षकाने त्या बाकावर बसून मनात केला आणि अर्ध्यातच सोडून दिला.

मार्च आला. चाचणीच्या दिवशी जयवंताबाईंनी सरांच्या हातावर दही-साखर ठेवली. शाळेत मानसीने वीस गणितांचा कागद पुढे ठेवला.

"सोपंय सर. पास झालात की नाव निघालं. पट्टी, जादा वेळ, सोबती, सगळं बंद."

"सोबतीपण?"

"विद्यार्थीच नाही म्हटल्यावर सोबती कुणाचा? तेजश्री पुन्हा आपली आपली."

"तिचं नाव घालता येईल?"

"वडील सही देतील?"

हिम्मतरावांना नामदेवरावांचा नक्को आठवला. त्यांनी पेन उघडलं.

आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड पेपर सुरू झाला. सात आठे छप्पन्न हे त्यांच्या हाताला इतकं पाठ होतं की सत्तावन्न लिहायला पेन तयारच होईना. पाच दोनदा उमटला, सहा तीनदा खोडला. पहिल्या चुकीला बारा मिनिटं लागली. तीन प्रश्नांनंतर मात्र त्यांना एक पद्धत सापडली. नियमाने मिळालेला सगळा जादा वेळ वापरून त्यांनी कागद दिला तेव्हा ते कारखान्यातून सुटल्यासारखे दिसत होते.

मानसीने कागद वाचला. मग परत वाचला.

"सर, प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने जास्त आलंय."

"हो का?"

"वीसच्या वीस गणितांत."

"लक्षण असेल."

"कशाचं?"

"ते तुम्हाला माहीत. प्रशिक्षण तुम्ही दिलंत."

मानसीने शेरा लिहिला: अडचण कायम. सुविधा आणखी एक वर्ष चालू ठेवाव्यात.

एप्रिलमध्ये पत्र प्रकाश सरांना मिळालं. जयवंताबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, बोलल्या तेव्हा म्हणाल्या, "सोपी होती म्हणे चाचणी!" जूनमध्ये शाळा उघडली. आठवीत गेलेली तेजश्री पहिल्या बाकावर बसली आणि बढती मिळून आठवीचे वर्गशिक्षक व विद्यार्थी झालेले हिम्मतराव तिच्या शेजारी बसले.

दुसऱ्याच दिवशी नामदेवराव शाळेत आले. आज छाती फुगलेली नव्हती. वर्गाच्या दारातूनच त्यांनी सुरू केलं.

"हे काय ऐकायलोय सर मी? नापास? माझी पोरगी सालभर शिकवायलीय तुम्हाला! बाजारात मी काय तोंड दाखवू? मेहनत घेतली का नाही तुम्ही?"

हिम्मतरावांनी मान खाली घातली. "वेळ कमी पडला."

"वेळ कमी पडला म्हनं! ध्यान कुठं असतंय तुमचं?"

"पप्पा," तेजश्री उठून मध्ये उभी राहिली, "ओरडायचं नाही. ओरडलं की येत असलेलं पण येत नाही त्यांना."

बाकावरची निळी पट्टी नामदेवरावांनी उचलली, भिंतीवरच्या सुविचारावर धरून पाहिली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, मला बी असंच व्हायचं. ओळी पळायच्या. सहावीत सोडलं मी." त्यांनी पट्टी परत बाकावर ठेवली. "वेळ कमी पडतोय म्हनता ना? लिस्टात नाव असलं की जास्ती वेळ भेटतो म्हनं. मंग पोरीचं बी नाव घाला. तुमचा अर्धा घंटा, तिचा अर्धा घंटा. घंटाभर शिकवलं तर तुम्ही बी पास होऊन जाल. आना तो कागद."

कागद कपाटातच होता. नामदेवरावांनी नीट, सावकाश सही केली.

"पुढच्या वर्षी नक्की पास होतो," हिम्मतराव म्हणाले, आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच ते अगदी खरं बोलत होते.