फूटपाथवर ठेवलेला शनी

"एक तर तुझे परग्रहवासी जातील, नाहीतर माझी बहीण हॉटेलात जाईल," आनेग्रेट म्हणाली, "आणि माझी बहीण हॉटेलात जाणार नाही."

जर्मनीतल्या हिल्डेसहाइमच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या फोल्कमार रीक यांना बायकोचं हे वाक्य गेले तीन आठवडे न्याहारीच्या पावाबरोबर मिळत होतं. त्यांच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीत अकराशे चाळीस डिस्क राहत होत्या. सगळे विज्ञानपट, आणि सगळे असे, की ज्यांच्या निर्मात्यांजवळ विज्ञानही नव्हतं आणि पैसाही. यान म्हणजे उलटा टांगलेला व्हॅक्यूम क्लीनर, मंगळ म्हणजे गावाबाहेरची खडीची खाण, आणि राक्षसाच्या हातात बागकामाचे रबरी मोजे. एका मोज्यावर तर किमतीची चिठ्ठी तशीच राहिली होती. ती दिसली की रीक यांना भरून येई.

शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी अकरा खोकी तिसऱ्या मजल्यावरून खाली आणली. एका मित्राच्या बागेतल्या झोपडीत ती ठेवायची होती. माणूस टापटिपीचा, त्यामुळे खोकी भिंतीला लावून एका ओळीत मांडली, नावं बाहेरून वाचता येतील अशी, आणि दोन गल्ल्या पलीकडे उभी केलेली गाडी आणायला गेले. गाडीपुढे कुणाचं तरी सामान हलवणारा ट्रक आडवा होता. परतायला पंचवीस मिनिटं लागली.

आता त्या रस्त्यावर भिंतीला लावून ठेवलेलं खोकं म्हणजे 'ज्याला हवं त्याने न्यावं' असा अर्थ. विचारायचं नसतं, विचारलं तर देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. खुद्द रीक यांच्या घरातला टोस्टर, दिवा आणि पुस्तकांची दोन कपाटं याच मार्गाने आली होती. ही गोष्ट ते आयुष्यात फक्त पंचवीस मिनिटं विसरले.

परत आले तेव्हा तीन खोकी उरली होती. एकात कुणीतरी सभ्य माणसाने बदल्यात बर्फावरचे बूट ठेवले होते.

"चोरी झाली," रीक वर जाऊन म्हणाले.

"चोरी कसली? तू भिंतीला लावून ठेवलंस," आनेग्रेट म्हणाली.

"मी गाडी आणायला गेलो होतो."

"मग तसं लिहून ठेवायचं."

"माझी वस्तू माझी आहे, असं लिहायचं?"

"भिंतीला लावल्यावर, हो."

एरवी रीक यांनी हळूहळू का होईना, दुःख गिळलं असतं. पण गेलेल्या खोक्यांत 'शनीचं सातवं कडं' होतं. या सिनेमाच्या फक्त दोनशे डिस्क निघाल्या होत्या. रीक यांनी नऊ वर्षांपूर्वी एक मिळवली, आणि तेव्हापासून हानोफरच्या संग्राहक मंडळात ओटोकार ब्रेमे नावाचा गृहस्थ चारचौघांत सांगत होता, की असा सिनेमा कधी निघालाच नाही, फोल्कमारने कव्हर घरी छापलं असणार. अखेर ठरलं होतं, की रविवारी दुपारी तीन वाजता रीक यांनी तो सगळ्यांसमोर दाखवायचा, नाहीतर त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. हातात एकच दिवस होता.

रीक यांनी दारावर कागद लावला: 'सकाळी इथून नेलेल्या डिस्क चुकून ठेवल्या होत्या. कृपया परत आणाव्यात. रीक, तिसरा मजला.'

रस्ता सज्जनांचा होता, हेच वाईट झालं. तासाभरात लोक यायला लागले. समोरच्या इमारतीतलं एक तरुण जोडपं दहा डिस्क परत देताना म्हणालं, "यान ज्या दोरीला बांधलंय ना, ती दिसते हो."

"ती दिसायचीच असते," रीक म्हणाले.

"मग तुम्ही विकतानाच सांगायला हवं होतं."

"मी विकत नव्हतो."

"मग फुकट देताना तरी."

पुढे कागद अर्धवट वाचणारे आले. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी डिस्क घेतोय, एवढीच बातमी गल्लीभर पसरली आणि लोकांनी आपापली तळघरं उपसली. कुणी लग्नाचं चित्रीकरण आणलं, कुणी दातांची निगा, कुणी तीस दिवसांत पोर्तुगीज. नको म्हणायला रीक दार उघडेपर्यंत पिशवी उंबऱ्यावर आणि माणूस जिन्याच्या वळणावर. पाच वाजता मेव्हणी रोसविता आली तेव्हा खोलीत चौदाशे डिस्क होत्या. ती खोलीबाहेरच्या बोळात आपल्या बॅगेवर बसली आणि कॉफी मागितली.

"शनी आला का?" आनेग्रेटने किटली ठेवत विचारलं.

"नाही."

"बाकी सगळी सूर्यमाला आली म्हणून विचारलं."

सहाला पहिल्या मजल्यावरच्या पोलेन्त्झबाई आल्या. वय ब्याऐंशी. त्यांच्या हातात 'शनीचं सातवं कडं' होतं. रीक यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्ही वरचं प्लास्टिक काढलंत?"

"न काढता बघणार कशी?"

हा प्रश्न रीक यांना नऊ वर्षांत पडलाच नव्हता.

"कव्हरवर भलतंच काहीतरी आहे बघा," बाई म्हणाल्या, "पण आतलं फार छान आहे. मान आणि खांदे. चाळीस मिनिटं. मी दोनदा केलं. हा हात दोन वर्षं वर जात नव्हता, आता बघा." त्यांनी हात वर केला. खरंच जात होता.

त्या गेल्यावर आनेग्रेट म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षं तू न बघितलेल्या सिनेमासाठी भांडत होतास."

"प्लास्टिक काढलं की किंमत जाते. उद्याही नाइलाजानेच काढणार होतो."

"आता काय गेलं?"

रीक यांनी डिस्क लावून पाहिली. मागे राखाडी पडदा, पुढे चंदेरी घट्ट कपड्यांतल्या आठ बायका, आणि न दिसणारी एक बाई त्यांना हुकूम सोडत होती. डिस्क भरणाऱ्याने चुकीची भरली होती.

रविवारी मंडळाच्या खोलीत शिरताना रीक यांनी ठरवलं होतं, की आधी खरं सांगून टाकायचं. पण ब्रेमेने दारातच डिस्क काढून घेतली. "तू बोलू नकोस. नऊ वर्षं बोललास, आता दाखव."

दिवे गेले. आठ बायकांनी डावा हात आकाशाकडे नेला. तेरा संग्राहक श्वास रोखून बघू लागले.

"हुकूम देणारी दिसतच नाही," ब्रेमे पुटपुटला. "एका नटीचे पैसे वाचवले आणि दहशत दुप्पट केली."

"श्वास घ्या," पडद्यावरून आवाज आला. "सोडा. पुन्हा घ्या."

"त्यांना आपल्या हवेची सवय नाही," मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला समजावलं.

चाळीस मिनिटांनी दिवे लागले. ब्रेमे उठला. त्याचे डोळे ओले होते. "फोल्कमार, मी चुकलो. सिनेमा आहे."

"नाही," रीक म्हणाले. "हा तो सिनेमा नाही. हा मानेचा व्यायाम आहे."

"अरे, इतकी वर्षं आम्ही नाही म्हणालो, म्हणून आता तू रागाने नाही म्हणणार?"

"राग नाही रे. खाली राहणाऱ्या पोलेन्त्झबाईंचा खांदा बरा झाला याने."

"ऐका," ब्रेमे सगळ्यांकडे वळून म्हणाला, "याला म्हणतात प्रेक्षकाला हलवणं."

"कव्हरवर एक्क्याण्णव मिनिटं लिहिलंय. हे चाळीस मिनिटांचं आहे."

"कापला असणार. असं काही दाखवल्यावर कापणारच."

'शनीचं सातवं कडं' अस्तित्वात आहे, असा ठराव तेरा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातलं मत रीक यांचं होतं. ब्रेमेने ते माफ केलं, खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि जाकीट काढून ठेवलं.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "आणि आवाज जरा मोठा कर. डावा हात खाली कधी आणायचा, ते मला नीट ऐकू आलं नाही."