आबांच्या टोपीतला उजेड

फ्रिजमधली बाटली धुऊनपुसून ओट्यावर उपडी घातलेली दिसली आणि ऋतुजा ओरडली.

"आई, ह्यातलं पाणी कुठंय?"

"कावून एवढ्यानं ओरडायलीस? वापरलं." कडूबाई पोळी उलथत म्हणाली. "पंधरा दिसाला नळ येतोय. भरली बाटली काय नुसती बघत बसायची?"

बीडच्या त्या गल्लीत पाणी फेकणं म्हणजे पाप. तांदळाचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला, असा त्याचा प्रवास ठरलेला. पण हे पाणी साधं नव्हतं. उसाची चिपाडं कॉलेजच्या भट्टीत शिजवून, गाळून गाळून, दोन महिन्यांत ऋतुजानं ते काढलं होतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे कण होते. जांभळी बॅटरी मारली की पाणी हिरवंगार उजळायचं. विषारी द्रव्यं न वापरता ह्या कणांतून एलईडी दिवे करायचे, हा तिचा विषय.

अडचण एकच. पाणी वाळलं की कण एकमेकांना चिकटत आणि उजेड विझे. दिव्यात तर पाणी भरता येत नाही. आज अकराला विद्यापीठातले सर येणार होते. त्यांची सही झाली तर विषय पुढं चालणार, नाहीतर बंद. कॉलेजचा फ्रिज बिघडला म्हणून बाटली घरी आणली, तर आता दाखवायला पाणीही उरलं नाही.

"पण वापरलं कशात?"

"तुझ्या आबाच्या टोपीला खळ केली साबुदाण्याची. पाणी कमी पडलं, बाटली वतली. टोपी जरा पिवळी झाली, पर कडक लई झाली बघ."

"उरलेली खळ?"

"वतली संडासात."

"आणि आबा?"

"गेले की स्टँडवर. गेवराईला साखरपुडा हाय न्हवं?"

टोपी भिजवून चमचाभर तरी पाणी परत निघेल, एवढ्या आशेवर ऋतुजानं आबांना समजवायला आईला रिक्षात घातलं आणि स्टँड गाठलं. राधाकिशनआबा एसटीत खिडकीजवळ जागा धरून बसले होते.

"आबा, टोपी काढा. भिजवायचीय."

"येड लागलं का तुला? साखरपुड्याला बोडक्यानं जाऊ व्हय?"

"मामा," कंडक्टर वैतागला, "टोपी तरी द्या, न्हाईतर उतरा तरी. गाडी सोडायचीय."

"माजी टोपी माज्या डोक्यासंगंच येईल," म्हणत राधाकिशन उतरले.

प्रयोगशाळेत सर घड्याळाकडं बघत बसले होते.

"नमुना कुठं आहे?"

ऋतुजानं राधाकिशनकडं बोट केलं. "सर, तो... आबांच्या डोक्यावर आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कंटाळून दिवा बंद केला आणि राधाकिशनच्या डोक्यावर जांभळी बॅटरी मारली. टोपी शिवणीसकट हिरवीगार पेटली. खाली अंधारात नुसत्या मिशा दिसत होत्या.

"धुण्याच्या पावडरीनंही कापड चमकतं," सर म्हणाले.

"ते निळं चमकतं, सर. हे हिरवं आहे."

"आणि हे वाळलेलं आहे?"

"कडकडीत!" राधाकिशननी टोपीवर टिचकी मारून दाखवली.

सर खुर्चीत सरसावून बसले. खळीनं कणांना एकमेकांपासून लांब धरलं होतं. त्यांनी पेन काढलं. "नक्की प्रमाण लिहून द्या. त्याशिवाय सही नाही. साबुदाणा किती?"

सगळे कडूबाईकडं बघायला लागले.

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती ग्रॅम?"

"आता मुठीला काय ग्राम असत्यात व्हय, साहेब?"

"बाई, अंदाजानं शास्त्र चालत नाही!"

"अन् मापानं सैपाक."

ऋतुजानं कपाळावर हात मारला. सरांनी शिपायाला दुकानातून साबुदाणा आणायला पाठवलं आणि प्रयोगशाळेतला नाजूक वजनकाटा पुढं ओढला. "घाला एक मूठ."

कडूबाईनं मूठ घातली. चाळीस ग्रॅम.

"पुन्हा."

चाळीस.

"पुन्हा."

पाचही मुठी चाळीसच्या चाळीस भरल्या. सर उठले, वाकून काट्याच्या खाली बघितलं, मागं बघितलं, वायर हलवून बघितली.

"काटा बिघडलाय बहुतेक," ते पुटपुटले आणि गुपचूप सही केली.