साडेसहा फुटांची रेघ

विम्याच्या पाहणीला शनिवारी अकरा वाजता माणूस येणार, असा ठाण्याच्या ऑफिसातून फोन आला आणि धोंडिबाकाकांनी आनंदाने मांडीवर थाप मारली.

"येऊ दे! असं पाणी सांगतो की लिहिता लिहिता पेन संपेल त्याचं!"

पाहणी काकांची नव्हतीच. ती होती त्यांच्या सुनेच्या, मेघनाच्या, नव्या एम्ब्रॉयडरी मशीनची. सात वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात मान मोडून काम केल्यावर मेघनाने हे मशीन घेतलं होतं आणि पहिल्याच फटक्यात एका शाळेचं काम मिळवलं होतं. आठशे गणवेशांच्या खिशांवर शाळेचं बोधचिन्ह भरायचं, तेही पंधरा जूनच्या आत. पण घर कोपरला, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर, आणि त्यातही तळमजला. त्यामुळे मेघनाने घरात जाहीर केलं होतं, "पुराचा विमा होईपर्यंत मी मशीनची वायरपण जोडणार नाही. एकदा पाणी शिरलं की माझं सगळं गेलं." मे महिना संपत आला होता. मशीन हॉलमध्ये चादर पांघरून बसलं होतं आणि तिचा नवरा रवींद्र येता-जाता त्याला ठेचकाळत होता.

आता मैत्री सोसायटीत पाणी म्हटलं की धोंडिबाकाका, हे समीकरण वीस वर्षांचं. सव्वीस जुलैच्या पुरात पाणी कुठवर आलं, ती लाल रेघ काकांनी स्वतःच्या हाताने गेटच्या खांबावर मारली होती. दरवर्षी त्या तारखेला सगळी सोसायटी रेघेखाली जमायची, कांदाभजी व्हायची आणि बायकोला, म्हणजे शालनकाकूंना, खांद्यावर घेऊन आपण कसं बाहेर काढलं ते काका सांगायचे. मध्यंतरी तीनदा सोसायटीला रंग लागला. दर वेळी रेघ पुसली गेली आणि दर वेळी काकांनी ती पुन्हा मारली. त्यात शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी परशुराम यांनी त्यांच्या खांबावरची रेघ चार फुटांवर नेली, म्हणून काकांनी आपली पाचावर नेली. त्यांनी साडेपाच केली, तेव्हा काकांनी स्टूल मागवलं. सध्या मैत्री सोसायटीची रेघ साडेसहा फुटांवर होती आणि त्याचा सगळ्यांना मनापासून अभिमान होता.

शुक्रवारी संध्याकाळी काका घरोघर फिरून आले. पुरानंतर तलाठी पंचनाम्याला आले होते तेव्हाचा धडा त्यांच्या पक्का लक्षात होता. ज्याने पाणी कमी सांगितलं त्याला कमी मदत मिळाली.

"उद्या कोणी विचारलं तर हात आखडता घेऊ नका," त्यांनी बजावलं. "मेघनाच्या मशीनचा प्रश्न आहे."

मेघनाच्या मशीनसाठी लोक काहीही करायला तयार होते. चांगुलपणाने माणसाचं जेवढं नुकसान होतं तेवढं पाण्यानेही होत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

शनिवारी देवयानी नावाची चटपटीत मुलगी हातात टेप आणि फॉर्म घेऊन गेटवर उतरली. तिने पहिला प्रश्न विचारला, "इथे आजवर जास्तीत जास्त पाणी कुठपर्यंत आलंय?" आणि सोसायटीच्या अंगात वारं शिरलं.

"अगो, काय सांगू तुला!" पहिल्या मजल्यावरच्या कलावतीबाईंनी गॅलरीतूनच सुरुवात केली. "माझ्या या गॅलरीत मासे आले होते. जिवंत!"

"सॉलिड पाणी होतं मॅडम," त्यांच्या शेजारचा विनीत म्हणाला. "आपली सायकल तरंगत डायरेक्ट दुसऱ्या माळ्यावर गेलेली."

"तेव्हा तुमचं वय काय होतं?"

"दीड वर्ष."

देवयानीने पेन थांबवलं आणि खांबाकडे पाहिलं. काका छाती काढून रेघेखाली उभे होते. रेघ त्यांच्या डोक्यावर चांगली हातभर होती.

"काका, तुमची उंची किती?"

"पाच फूट दोन इंच."

"पाणी साडेसहा फूट. मग तुम्ही काकूंना खांद्यावर घेऊन चाललात कसे?"

हा प्रश्न वीस वर्षांत एकालाही सुचला नव्हता. भज्यांमुळे असेल.

"पोहत," काका म्हणाले.

"खांद्यावर घेऊन पोहत?"

"त्या वेळी तब्येत होती."

देवयानीने टेप गुंडाळला आणि फॉर्म पिशवीत टाकायला घेतला. "सॉरी ताई," ती मेघनाला म्हणाली. "साडेसहा फूट पाणी म्हणजे अख्खं मशीन बुडालं. अशा जागेवरच्या मशीनला आमचं ऑफिस विमा देत नाही."

"म्हणजे?" काकांचा आवाज चिरकला. "पाणी जास्त तर मदत जास्त ना?"

"काका, तो पंचनामा. तो पुरानंतर होतो. विमा पुराच्या आधी काढतात. पाणी जेवढं जास्त येणार तेवढा धोका जास्त, आणि धोका जास्त तर विमा मिळायची मारामार."

मेघना मटकन पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाहताच पुराचं पाणी जसं चढलं होतं तसंच भराभर उतरायला लागलं.

"अगो पोरी, ऐक," कलावतीबाई धावत खाली आल्या. "मासे आले होते हे खरं. पण ते मी बाजारातून आणलेले."

"आणि सायकल मला पाचवीत मिळाली," विनीतने कबूल केलं.

"मॅडम, पाच फूट लिहा," काका म्हणाले.

"काका, ही काय भाजी आहे का?"

"बरं, साडेचार. तुमचं नाही, माझं नाही."

"पप्पा, प्लीज!" रवींद्र ओरडला. "खरं किती होतं ते सांगा ना!"

काकांनी मान वर करून रेघेकडे पाहिलं. खरं तर आकडा त्यांनाही आठवत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःच्या रेघेवर पुरता विश्वास बसला होता.

"हे बघा, आता तुम्ही कोणीही काहीही सांगितलं तरी मला लिहिता येणार नाही," देवयानी म्हणाली. "खोटं लिहिलं आणि उद्या पाणी आलं, तर ताईंना भरपाईच मिळणार नाही. जुना फोटो वगैरे आहे का कोणाकडे?"

इतका वेळ शालनकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पायरीवर बसलेल्या सुनेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. काकांचा चेहरा झरझर उतरला.

"अगं शालन, राहू दे ना. आपण दुसऱ्या कंपनीत विचारू."

काकू बाहेर आल्या त्या साडीच्या घडीत जपलेला एक फोटो घेऊन. त्या वेळी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या फोटोवाल्या उत्तमने तो गॅलरीतून काढला होता. कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख होती. हाच खांब होता, हेच गेट होतं. शालनकाकू मांडीभर पाण्यातून ठाम पावलं टाकत निघाल्या होत्या. आणि त्यांच्या पाठीवर, गळ्याला घट्ट मिठी मारून, डोळे गच्च मिटलेले आणि एका हातात चपला धरलेले, स्वतः धोंडिबाकाका बसलेले होते.

गेटवरची सगळी मंडळी फोटोवर वाकली.

"पाण्यात साप होता," काका अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"साप नव्हता," काकू म्हणाल्या. "सायकलची ट्यूब होती."

"आई, वीस वर्षं तू गप्प कशी बसलीस?" रवींद्रने विचारलं.

"त्यांना सांगायला आवडायचं रे. माझं काय जात होतं? पण आज पोरीचं मशीन जात होतं."

मेघना उठली आणि सगळ्यांदेखत तिने सासूला मिठी मारली. देवयानीने टेप पुन्हा उलगडला. काकू खांबाला लागून उभ्या राहिल्या, फोटोत पाणी जिथे होतं तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि मोजणी झाली. दोन फूट एक इंच! घराची जमीन गेटपेक्षा दीड फूट उंच, म्हणजे घरात जेमतेम सात इंच.

"मशीन दोन फुटांच्या ओट्यावर ठेवा, फोटोची कॉपी मला द्या," देवयानी हसत म्हणाली. "माझा रिपोर्ट चांगलाच जाईल."

विनीतने शिटी मारली, कलावतीबाई कढईत तेल घालायला पळाल्या. गुरुवारी पॉलिसी आली आणि त्याच दुपारी ओट्यावरच्या मशीनने पहिला खिसा भरला. संध्याकाळी काका लाल रंगाचा डबा घेऊन गेटवर गेले. जुनी रेघ पुसली आणि नवी मारायला खाली वाकले, ते थेट एका फुटावर.

"अहो, हे काय?" मागून काकूंनी विचारलं.

"परशुरामने काल त्यांची दीडवर आणली."

"ब्रश द्या इकडे. पाण्यात पाय माझे होते."

काका निमूटपणे डबा धरून उभे राहिले आणि काकूंनी रेघ मारली. दोन फूट एक इंच, एका दमात, सरळ.

यंदा सव्वीस जुलैला गोष्ट शालनकाकूंनी सांगितली. आत मशीन खडखडत होतं, ताटात भजी होती आणि काका पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. पुराच्या वेळी काकांचं वजन पंचावन्न किलो होतं. गोष्ट सुरू झाली तेव्हा काकूंनी ते सत्तर सांगितलं. पहिल्या ताटानंतर ऐंशी झालं. पाणी मात्र शेवटपर्यंत दोन फूट एक इंचावरच राहिलं, पण भजी संपली तेव्हा शालनकाकूंच्या पाठीवर सव्वाशे किलोचा नवरा होता.